दाण्यातली साखर

संभाजीनगरच्या बिअर उद्योगावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कारखाने होते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या वसाहतींमुळे हा जिल्हा राज्यातलं बिअरचं मोठं केंद्र झाला. जायकवाडीचं पाणी, एमआयडीसीची जमीन, मुंबई-पुण्याची बाजारपेठ आणि सरकारला मिळणारा घसघशीत महसूल, अशी ती गोष्ट. ती चाळता चाळता मी एकाच टप्प्यावर थबकले. भरडलेलं धान्य गरम पाण्यात मुरवतात आणि तासाभरात ते पाणी गोड होतं. वरून चिमूटभरही साखर पडलेली नसते.

कारखान्यात हा टप्पा स्टीलच्या बंद टाकीत उरकतो. मला तो दिसला माझ्या भाच्याच्या गॅरेजमध्ये, फोनच्या पडद्यावर. भाचा संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात वाढला, तिथल्याच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला आणि आता अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो. घरी बिअर करायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९७८ साली मोकळीक दिली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. विकायची मात्र नाही. आजवर तो डब्यातला तयार माल्टचा अर्क पाण्यात उकळून काम भागवायचा. या वेळी त्याने पहिल्यांदाच जवाच्या दाण्यापासून सुरुवात केली.

"मावशी, अर्क वापरला की निम्मं काम दुसऱ्यानेच केलेलं असतं," तो म्हणाला. "मला ते निम्मं बघायचंय."

वीस लिटर बिअरसाठी त्याने पाच किलो माल्ट घेतलं होतं. माल्ट म्हणजे जव भिजवून, मोड आणून, मोड वाढण्याआधीच भट्टीत वाळवलेलं धान्य. रोपटं उगवायच्या तयारीत दाणा आपल्या साठ्यातला स्टार्च फोडणारी विकरं तयार करतो. माल्ट करणारा नेमकी ती तयार होऊ देतो आणि दाण्याला तिथेच थांबवतो. हे माल्ट त्याने दोन रुळांच्या छोट्या गिरणीतून भरडलं. दाणा फुटला पाहिजे, पण पीठ होता कामा नये आणि टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे. टरफलाचं काम पुढे आहे.

मग त्याने बर्फ ठेवायच्या जाड भिंतींच्या पेटीत चौदा लिटर पाणी ओतलं. पाणी ७३ अंशांवर होतं. त्यात भरड ढवळत ढवळत सोडली, गुठळ्या मोडल्या आणि तापमापी खोचली. काटा ६६ वर स्थिरावला. झाकण लावलं, वर जुनी गोधडी टाकली. मिशिगनच्या थंडीत एवढीशी काळजी घ्यावीच लागते.

त्या पेटीत काय चाललं होतं, ते समजून घेताना मी हरखून गेले. स्टार्च म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. तिच्यावर मुख्यतः दोन विकरं तुटून पडतात, अल्फा अमायलेज आणि बीटा अमायलेज. ऊसतोडीच्या भाषेत सांगायचं तर अल्फा कांड्यावर मधेच कुठेही घाव घालतं, बीटा शेंड्याकडून मोजून दोन-दोन पेरं तोडत येतं. ती दोन पेरं म्हणजे माल्टोज, यीस्टला सहज पचणारी साखर. बीटाला साधारण ६० ते ६५ अंश मानवतात, सत्तरीच्या आसपास ते लवकर निकामी होतं. अल्फा त्याहून जास्त उष्णता सोसतं. म्हणून ६४ अंशांवर मुरवलं तर बिअर हलकी आणि कोरडी होते, ६९ वर मुरवलं तर जिभेवर भरीव लागते. पाच अंशांच्या फरकात पेयाचा स्वभाव ठरतो, आणि तोही त्यात अल्कोहोलचा थेंब नसताना.

मधूनमधून भाचा बशीत चमचाभर रस काढून त्यावर आयोडीनचा थेंब टाकत होता. सुरुवातीला रस काळा-निळा झाला. स्टार्च अजून शिल्लक आहे, असा त्याचा अर्थ. तासाभराने थेंब नुसता पिवळसर-तांबूस राहिला. बशी त्याने मोरीत ओतली, पेटीतल्या रसाची वेगळी वाटी चाखली आणि म्हणाला, "मावशी, गोड! अगदी गोड!"

या विकरांचा शोधही माल्टमुळेच लागला. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी माल्टच्या अर्कातून स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला डायस्टेज नाव दिलं. रसायनशास्त्राने वेगळं काढलेलं हे पहिलं विकर. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पचनाच्या अनेक गोळ्यांच्या वेष्टनावर हेच नाव छापलेलं असतं. त्या गोळ्यांतलं डायस्टेज बहुधा बुरशीपासून काढलेलं असतं, एवढाच फरक.

ही करामत आपल्या स्वयंपाकघरात पूर्वापार चालत आली आहे. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. हे सत्त्व म्हणजे नाचणीचं माल्टच. मी घरी ते करून पाहिलं. साध्या नाचणीच्या पिठाची पेज चमचा उभा राहील इतकी दाट शिजवली आणि दोन वाट्यांत काढली. बोट क्षणभरच टेकेल इतकी ती निवल्यावर एका वाटीत चमचाभर मोडाच्या नाचणीचं पीठ घालून ढवळलं. पाहता पाहता चमचा कलंडला आणि पेज पळीवाढी झाली. दुसऱ्या वाटीत तेच पीठ घातलं, पण आधी कढईत खरपूस भाजलेलं. ती पेज दाटच्या दाट राहिली. भाजताना विकरं मेली होती. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या आहारतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात याच गुणावर काम केलं. मोडाच्या धान्याचं चिमूटभर पीठ बाळाच्या दाट पेजेत घातलं की पेज पातळ होते, आणि एरवी दोन घासांत कंटाळणाऱ्या बाळाच्या पोटात जास्त अन्न जातं.

तिकडे गॅरेजमध्ये मात्र अडचणी सुरू झाल्या होत्या. पेटीच्या तळाशी जाळी होती आणि तिच्यावर टरफलांचा थर बसतो. रस गाळायचं खरं काम तो थर करतो. पहिला गढूळ रस परत वर ओतायचा, मग हळूहळू स्वच्छ धार लागते. भाच्याची धार लागली, बारीक झाली आणि थांबली. गिरणीचे रूळ त्याने थोडे जास्तच जवळ घेतले होते. टरफलं चिरडली गेली, पीठ जास्त झालं आणि खाली चिकट लगदा बसला. त्याने तोटी बंद केली, गरम पाणी घालून सगळं पुन्हा सैल केलं, थर नव्याने बसू दिला आणि तोटी अगदी केसभर उघडली. घाई केली की थर दबतो आणि पुन्हा तुंबतो. पुढचा बराच वेळ तो त्या धारेकडे बघत बसला होता आणि मी त्याच्याकडे.

त्यानंतर ७५ अंशांच्या पाण्याने धान्य धुऊन उरलेली साखर काढायची, रस तासभर खळाखळा उकळायचा, कडवटपणासाठी आणि वासासाठी हॉप्स घालायचे, रस झटपट गार करायचा आणि यीस्ट सोडायचं. रसाची घनता १.०४८ होती. यीस्टचं काम संपल्यावर ती १.०११ वर आली, म्हणजे अल्कोहोल पाच टक्क्यांच्या जरा आत.

हे सगळं उस्मानपुऱ्यात का होऊ शकत नाही, याचं पहिलं उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९चा आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे. छोट्या प्रमाणावर ताजी बिअर करणाऱ्यांना परवाने मिळतात. पुण्यात 'डूलाली' २००९ मध्ये त्याच वाटेने सुरू झालं. पण ती वाट व्यवसायाची आहे, हौसेची नाही. हा लेख वाचून कुणी माडीवर पिंप मांडू नये.

उद्या कायदा बदलला तरी हवा बदलणार नाही. साध्या एल प्रकारच्या यीस्टला १८ ते २० अंश लागतात. पंचविशीच्या पुढे ते डोकं धरायला लावणारी जड अल्कोहोलं जास्त तयार करतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी सांभाळलेलं क्वाइक यीस्ट तिशीच्या वरही चांगलं काम करतं, एवढाच दिलासा. जव आणावा लागेल राजस्थान-उत्तर प्रदेशातून, हॉप्स परदेशातून किंवा फार तर हिमाचलच्या लाहौलमधून. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरी-बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे भरडीचा पीएच चढतो आणि विकरांची चाल मंदावते. तो ५.२ ते ५.६च्या आसपास ठेवावा लागतो. पीएचची मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेनसन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतच मांडली होती.

खरी काळजी पाण्याच्या हिशोबाची आहे. वीस लिटर बिअरसाठी भाच्याने तीसेक लिटर पाणी धान्यात वापरलं. उकळता रस गार करायला तांब्याच्या वेटोळ्यातून त्याहून कितीतरी जास्त नळाचं पाणी वाहून गेलं, धुण्यापुसण्याचं वेगळंच. त्याच्या गॅरेजपासून थोड्या अंतरावर समुद्रासारखं तळं आहे. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. २०१६च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्क्यांनी तोडायला लावलं. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला वाळूजच्या टाक्यांचा राग आला असेल, तर तो रास्तच होता. घरोघरी तशी टाकी मांडायची परवानगी मागायला माझी जीभ रेटत नाही.

पण धान्य गोड करण्याच्या त्या तासाला ना परवाना लागतो, ना शेकड्यांनी लिटर पाणी. मोडाची नाचणी, दाट पेज, तापमापी आणि आयोडीनची बाटली एवढं सामान पुरे. उस्मानपुऱ्यात तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आसपास शाळा आहेत. पदवी घेऊन वाळूजच्या कारखान्यांत कामाला लागणाऱ्या मुलांनी हा प्रयोग एकदा तरी हाताने केलेला असावा. आठवीच्या वर्गातल्या मुलीने घरच्या सत्त्वाने पेज पातळ करून दाखवावी, भाजलेल्या पिठाने ती का होत नाही ते सांगावं आणि बशीतल्या थेंबाचा रंग वहीत लिहून ठेवावा. दोनशे वर्षांपूर्वी विज्ञानाने ज्याला नाव दिलं ते आजीच्या फडक्यात आधीपासून होतं, हे तिला तिथेच कळेल. शाळांनी हे येत्या सत्रातच सुरू करावं.