छंद बिनतारी संदेशवहनाचा

कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या स्त्रीशिक्षणकार्यामुळे हे छोटे गाव महाराष्ट्राला परिचित झाले. आज ते पुणे शहराचा दाट वस्तीचा भाग आहे; पण मुठा नदी शेजारूनच वाहते आणि तिच्या वरच्या अंगाला खडकवासला व पानशेत आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि नदीकाठचे पुणे उद्ध्वस्त झाले.

अशा प्रसंगी अन्नवस्त्राच्याही आधी खुंटते ती बातमी. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. आणि ही वार्ता प्रथम बाहेर आली ती तेथे पोहोचलेल्या एस.टी.च्या चालकाकडून. मोबाइलचे जाळे पसरलेल्या काळातली ही घटना आहे.

हौशी रेडिओ, म्हणजेच ‘हॅम’ रेडिओ, या छंदाकडे पाहावयाचे ते या पार्श्वभूमीवर. मोटारीची एक बॅटरी, एक लहान संच आणि दहा-दहा मीटरच्या दोन तारा एवढ्या सामग्रीवर शेकडो किलोमीटर संभाषण होते. मध्ये ना मनोरा लागतो, ना कंपनी. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्यासह काही हौशी मंडळी केवळ छंदापोटी अंदमानात संच मांडून बसली होती. २६ तारखेस त्सुनामी आली आणि त्याच संचांवरून आप्तेष्टांच्या खुशालीचे निरोप जाऊ लागले.

प्रारंभ बोलण्यापासून नव्हे, ऐकण्यापासून करावा. देशांतर्गत संभाषण बहुधा ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, दिवसा चालते. साध्या घरगुती रेडिओवर ते बदकाच्या ओरडण्यासारखे भासते, त्यासाठी ‘एस.एस.बी.’ची सोय असलेला ग्राही संच हवा. एरियल मात्र घरी करता येते. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ४२ मीटर. तिची निम्मी २१, आणि प्रत्यक्षात किंचित कमी, म्हणून २० मीटर तांब्याची तार घ्यावी. ती मध्ये तोडून तिथून केबल खाली आणावी, मधला भाग गच्चीवरील खांबावर चढवावा आणि दोन्ही टोके दोरीने उतरती बांधावीत. विजेच्या तारांपासून ती दूर ठेवावी आणि वळवाच्या दिवसांत केबल संचापासून सोडवून ठेवावी. वसाहतीत गच्चीची परवानगी मिळवणे हे कधीकधी परीक्षेहून कठीण ठरते! शहरात चार्जर व एलईडी दिव्यांची खरखरही सोसावी लागते.

फार उंच नसलेल्या अशा तारेतून लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून परततात आणि छत्रीसारख्या सभोवार उतरतात. त्यामुळे सिंहगडाची रांग किंवा सह्याद्रीचे घाट त्यांना आडवे येत नाहीत. याउलट १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी सरळ रेषेत जातात. हातात मावणारे संच त्यांवर चालतात. पण डोंगर आड आला की संवाद खुंटतो. वेल्हे किंवा मुळशीच्या खोऱ्यात काय उपयोगी पडेल, हे यावरून ध्यानात यावे.

प्रक्षेपणास मात्र परवाना अनिवार्य आहे. बाजारात स्वस्तात मिळतो म्हणून हातसंच विकत घेऊन परवान्याविना वापरणे हा गुन्हा ठरतो. केंद्रीय दळणवळण मंत्रालयाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेमार्फत परीक्षा होते. अर्ज ‘सरलसंचार’ या संकेतस्थळावर करावयाचा असतो. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थीही बसू शकतो. प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम हे विषय दोन्ही श्रेणींना असतात. मर्यादित श्रेणीस मोर्स लिपी लागत नाही. सर्वसाधारण श्रेणीस मिनिटाला आठ शब्दांचा वेग हवा. उत्तीर्ण झाल्यावर परवाना आणि ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे स्वतंत्र संकेतनाम मिळते. या लहरींवर व्यापार, द्रव्यार्जन किंवा गुप्त भाषा चालत नाही.

पुण्यात या छंदाने आकाशही गाठले आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला, एक किलोहूनही हलका ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने सोडण्यात आला. हौशी केंद्रांचे संदेश घेऊन ते दुसरीकडे उतरवणे ही त्याची योजना होती. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी अंतराळ स्थानकातून भारतीय विद्यार्थ्यांशी संवाद साधला, तोही हौशी रेडिओवरूनच.

शाळेत किंवा ग्रामपंचायतीत असे केंद्र काढावयाचे झाल्यास संचाच्या किमतीपेक्षा परवानाधारक माणसे किती, हे आधी पाहावे. एकच जाणकार शिक्षक असेल आणि त्याची बदली झाली, तर संच कपाटात जातो. किमान तिघांनी परीक्षा द्यावी आणि महिन्यातून एकदा मुख्य वीजपुरवठा बंद करून, बॅटरीवर, ठरल्या वेळी शेजारच्या तालुक्यातील केंद्राला हाक द्यावी. पहिल्या खेपेस बहुधा बॅटरीच उतरलेली आढळते.