वेळ उसनी, डोंगर आडवा

सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यापासून लोणावळ्यापर्यंत नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती पवन मावळात तिकोन्याच्या अंगावरून जाते. सिंहगड तेराशे मीटरच्या आसपास, लोणावळा सव्वासहाशे, आणि मधला तिकोना हजाराच्या वर. १९७३ साली सिंहगडावर सहक्षेपण सुरू झालं आणि मुंबई दूरदर्शन पुण्याच्या घराघरांत पोचलं. पण प्रक्षेपणाच्या लहरी सरळ धावतात, डोंगराला वळसा घालून त्या फारशा जात नाहीत. तळेगाव-वडगावच्या सपाटीला जे चित्र मिळेल, ते तुंग-तिकोना, लोहगड-विसापूरच्या कुशीतल्या वाडीला मिळणार नाही. तिथे वाट्याला मुंग्याच. मग एकाने कौलांवर चढून अँटेना फिरवायची, दुसऱ्याने खालून ओरडायचं, ‘आलं! गेलं! थोडं डावीकडं!’ पुढे या वाहिनीचं नाव ‘सह्याद्री’ ठेवलं गेलं. तिच्या वाटेत आडवा येणाराही सह्याद्रीच, हा योगायोग नाव ठेवणाऱ्यांच्या लक्षात आला नसावा. मुलांसाठी शिक्षणाचे कार्यक्रम बनवणाऱ्या आणि २०१७ मध्ये बंद झालेल्या बालचित्रवाणी या पुण्याच्या संस्थेचा विचार या रेघेपासूनच सुरू करायला हवा. कार्यक्रम बनवणं तिच्या हातात होतं. तो मुलापर्यंत कधी आणि कुठल्या वाटेने जाईल, हे मात्र तिच्या हातात एक दिवसही नव्हतं. माझ्या मते तिच्या अखेरीचं मूळ इथेच आहे.

संस्थेचा जन्म उपग्रहाच्या भरवशावर झाला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ हा प्रयोग चालला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेला आणि शालेय दूरचित्रवाणीसाठी पुन्हा सहा राज्यं निवडली गेली, त्यांत या वेळी महाराष्ट्राचा नंबर लागला. हैदराबाद, पाटणा, अहमदाबाद, भुवनेश्वर, लखनौ आणि पुणे अशा सहा ठिकाणी राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था निघाल्या. पुण्याची १९८४ साली निघाली आणि सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी वसली. सरकारी नाव कोणाच्या तोंडी बसलं नाही, ‘बालचित्रवाणी’ मात्र बसलं. प्राथमिक शाळेतली मुलं, म्हणजे ५ ते ८ आणि ९ ते ११ असे दोन वयोगट, हा तिचा प्रेक्षक. आणि गंमत अशी की इन्सॅट-१बी उभा होता ७४ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे जवळजवळ मावळच्याच रेखांशावर. वडगावच्या शाळेच्या अंगणात उभं राहून दक्षिणेला, मान बरीच वर करून पाहिलं तर नजर त्याच दिशेला जाईल. मधे एकही डोंगर नाही. पण त्या उपग्रहाकडून थेट घ्यायचं तर मोठी छत्री आणि जोडीची यंत्रं हवीत, आणि ती मोजक्या निवडक गावांपुरती होती. बाकीच्यांनी टेकडीवरच्या मनोऱ्याकडे तोंड करून बसायचं.

बालचित्रवाणीकडे चित्रीकरणाची सोय होती, निर्माते, लेखक, कॅमेरावाले होते. बाहुल्या, गाणी, विज्ञानाचे छोटे प्रयोग, गणिताच्या गमती असे हजारो कार्यक्रम तिथे तयार झाले. तयार झालेली फीत पुढे जायची दूरदर्शनकडे, आणि दूरदर्शन सकाळच्या वेळेतली ठरावीक मिनिटं द्यायचं. सगळी गोम या मिनिटांत आहे. शाळेचं वेळापत्रक जिल्हा परिषदेचं, प्रक्षेपणाचं वेळापत्रक दूरदर्शनचं, पाठ्यपुस्तक बालभारतीचं, पैसा आधी केंद्राचा आणि मग राज्याचा. या चार घड्याळांचे काटे जुळवणारं कोणी नव्हतं. अकराला भरणाऱ्या शाळेला सकाळचा कार्यक्रम वर्गात दाखवता येत नाही. आणि घरी दाखवायचा तर त्या वेळी आंदर मावळातलं पोर पाणी भरत असतं किंवा शाळेच्या वाटेवर असतं. शाळेला संच मिळाला तरी तो मुख्याध्यापकांच्या जबाबदारीवर, जडवस्तूंच्या नोंदवहीत चढलेला. हरवला-बिघडला तर जाब त्यांना. अशी वस्तू कपाटात कुलपाखाली सर्वांत सुरक्षित असते. त्यातून वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारा लोणावळ्याचा घाटमाथा, आणि शाळेच्या वर्षातले पहिले चार महिने नेमके पावसाचे. वीज टिकली तर चित्र.

यावर कोणी म्हणेल, स्वतःची वाहिनी असती तर काय फरक पडला असता? याचं उत्तर शोधायला ब्रिटनकडे पाहणं उपयोगी आहे, कारण बालचित्रवाणी निघाली त्याच वर्षी, १ सप्टेंबर १९८४ रोजी, तिथे ‘द चिल्ड्रन्स चॅनल’ नावाची केवळ मुलांसाठीची वाहिनी केबलवर सुरू झाली. बालचित्रवाणीकडे सरकारी पैसा होता, स्वतःची वेळ नव्हती. या वाहिनीकडे स्वतःची वेळ होती, सरकारी आधार नव्हता. १९९३ मध्ये निकलोडियन आणि कार्टून नेटवर्क हे दोन अमेरिकी पैलवान ब्रिटनच्या आखाड्यात उतरले, आणि एप्रिल १९९८ मध्ये ती वाहिनी बंद झाली. साडेतेरा वर्षांचं आयुष्य. तेव्हा नुसती वाहिनी असणं पुरत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याच देशात बीबीसीने १९५७ पासून शाळांसाठी दूरचित्रवाणी चालवली. तिथे निर्मिती, प्रक्षेपणाची वेळ आणि परवाना शुल्काचा पैसा एकाच छपराखाली होता, आणि फेब्रुवारी २००२ मध्ये त्याच घराने मुलांच्या दोन स्वतंत्र वाहिन्या काढल्या. तिन्ही गोष्टी एका हातात असल्या की संस्था टिकते, एखादी जरी परक्याच्या हाती गेली की ती त्याच्या सवडीने जगते. बालचित्रवाणीच्या बाबतीत दोन परक्या हाती होत्या.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. कार्यक्रमच कंटाळवाणे होते, मुलांना ते शाळेचंच शेपूट वाटायचं, म्हणून मुलं कार्टूनकडे गेली, असं म्हटलं जातं. यात तथ्य नाही असं नाही. कॅमेऱ्याकडे बघून ‘मुलांनो’ म्हणणाऱ्या ताई-दादांचा सूर कधी कधी बोधाचा डोस पाजल्यासारखा लागतो, आणि हा दोष आपल्या एकूण बालसाहित्यालाच आहे. तरी हिशेब नीट करू. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ मध्ये आलं आणि थोड्या वर्षांत हिंदी बोलू लागलं. पोगो २००४ मध्ये आलं. ही मंडळी दिवसभर पडद्यावर. त्यांच्याशी सकाळच्या मूठभर मिनिटांची तुलना म्हणजे घाटातल्या वळणावर चिक्कीची टोपली घेऊन बसलेल्या बाईने मॉलशी स्पर्धा करण्यासारखं आहे. चिक्की बेचव होती की गिऱ्हाईक तिथवर पोचलंच नाही, हे आधी ठरवायला नको का?

मग मराठीत मुलांची स्वतंत्र वाहिनी कोणी का काढली नाही? सन समूहाने २००७ मध्ये तमिळमध्ये चुट्टी टीव्ही काढली, पुढे तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्येही मुलांच्या वाहिन्या आणल्या. मराठीच्या वाट्याला बहुतेक आला तो हिंदी किंवा परदेशी मालिकांवर नंतर चढवलेला मराठी आवाज. व्यापाऱ्याचं गणित उघड आहे: मराठी मुलाला हिंदी कळतं, मग वेगळा खर्च कशाला? ‘मराठी मूल’ म्हणजे पुण्या-मुंबईचं मूल धरलं तर हे गणित बरोबर येतं. मावळातल्या ठाकर आणि कातकरी वस्तीत मात्र ते फसतं. त्या मुलाच्या घरची बोली वेगळी, शाळेची प्रमाण मराठी हीच त्याला अर्धी नवी, आणि त्यावर हिंदी म्हणजे तिसरी पायरी. अशा मुलासाठी सार्वजनिक पैशातून कार्यक्रम करणारं घर हवं होतं. ते होतंही, पण केंद्राचं अनुदान थांबल्यावर ते राज्याच्या दाराशी ताटकळलं. अखेरच्या काळात कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आणि २०१७ मध्ये संस्थेला कुलूप लागलं. डिजिटल साहित्याचं काम ई-बालभारतीकडे गेलं. आता सगळं मोबाइलवर मिळतं, वेगळ्या चित्रवाणीची गरज संपली, असा तेव्हाचा युक्तिवाद होता.

तो युक्तिवाद तीन वर्षं टिकला. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि मोबाइलची रेंज, रिचार्ज, घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर कामावर गेलेला, हे सगळं एकदम दिसू लागलं. त्याच वर्षी जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी होती. धडा वाचून दाखवण्याऐवजी घरातल्या वस्तू घेऊन मुलांना करून पाहायला लावणारी, आणि म्हणून पाहण्यासारखी. बोधाचा सूर टाळता येतो, हेही तिने दाखवून दिलं. तोवर प्रक्षेपणाची अडचणही बदलली होती. दूरदर्शनच्या फ्री डिशची छोटी छत्री सिंहगडाकडे तोंड करत नाही. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे मावळातून पाहिलं तर आग्नेयेला, क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास वर. तिकोन्याच्या पायथ्याच्या घरालाही तो दिसतो, महिन्याचं भाडं नाही. आडवा डोंगर असा बाजूला झालेला होता, पण ‘टिलीमिली’ आली तेव्हा सेनापती बापट रस्त्यावरची संस्था बंद होऊन तीन वर्षं झाली होती.