दारातल्या लिंबाला फळ का धरत नाही?

थळच्या वस्त्यांमध्ये रक्तवाढीच्या गोळ्यांविषयी बोलताना आम्ही एक गोष्ट नेहमी सांगतो : डाळ-भाजीवर लिंबू पिळून खा. त्यावर आयाबाया म्हणतात, "ताई, झाड आहे की दारात. पण नुसतं पानांनी भरलंय, लिंबू विकतच आणतो." 2022 च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू 10 ते 15 रुपयांना विकले जात होते. अशा वेळी ताटातून सगळ्यात आधी लिंबूच जाते. म्हणून या वेळचे पान त्या झाडासाठी.

फळ न धरणारे झाड बहुतेक वेळा उपाशी नसते. उलट त्याला पाणी आणि युरिया जास्त होतो, आणि ऊन कमी पडते. खर्चाचे काम फारसे नाही. आपण त्याला काय देतो ते तपासायचे आहे.

आधी ही पाच कारणे पाहा

*वय.* खाल्लेल्या लिंबाची बी पेरून वाढवलेले कागदी लिंबू फळाला यायला साधारण पाच-सहा वर्षे घेते. कलम किंवा गुटीचे रोप तीन-चार वर्षांत फळ देते. झाड लहान असेल तर धीर धरा.

*ऊन.* आपल्याकडे नारळ-सुपारीच्या सावलीत किंवा दोन घरांच्या बोळात लिंबू लावलेले असते. लिंबाला रोज सहा तास तरी ऊन हवे. वर आलेल्या झावळ्या आणि फांद्या जमेल तेवढ्या काढा. नवे रोप लावताना उन्हाची जागा निवडा, मग ती दोन पावले लांब असली तरी चालेल.

*मोरीचे पाणी.* वस्तीतले हे सगळ्यात मोठे कारण. सांडपाणी बारा महिने लिंबाच्या बुंध्यात सोडलेले असते. सतत ओल मिळाली की झाड पाने वाढवत राहते, फुलावर येत नाही. साबण-सोड्याचे पाणी मुळांना त्रास देते आणि बुंधा कुजून साल फाटते. तिथून डिंक गळू लागतो, त्याला डिंक्या रोग म्हणतात. पाण्याची वाट बदला. बुंध्याशी मातीची भर द्या आणि पाण्याचे आळे बुंध्यापासून हात-दीड हात लांब, गोल करा.

*युरिया.* थळला युरियाचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे युरिया हे नाव इथे घरोघरी ठाऊक आहे. झाड फळत नाही म्हटले की मूठभर युरिया टाकला जातो. युरियात 46 टक्के नत्र असते. नत्राने पाला वाढतो. आधीच पाल्याने भरलेल्या झाडाला आणखी युरिया म्हणजे आणखी पाला.

*पाणसोट.* बुंध्यातून किंवा जाड फांदीतून सरळ वर जाणारे, लांब काट्यांचे जोमदार फुटवे म्हणजे पाणसोट. ते अन्न खातात, फळ देत नाहीत. बुडातून कापून टाका. कलमाचे झाड असेल तर जोडाच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा काढा. हाताला जुने कापड गुंडाळून काम करा. काटा खोल गेला तर जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आरोग्य केंद्रात विचारा.

झाडाला विश्रांती द्या

लिंबाला फुलावर आणायचे तर काही दिवस पाणी तोडावे लागते. त्याला ताण देणे म्हणतात. महाराष्ट्रात लिंबाचे तीन बहार धरतात : जून-जुलैचा मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त आणि जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार. हस्त बहाराची फळे उन्हाळ्यात मिळतात, म्हणून त्याला भाव चांगला. पण त्यासाठी पावसाळ्याच्या शेवटी ताण बसावा लागतो आणि आपल्या किनाऱ्यावर तेव्हाही पाऊस पडत असतो. आपल्याला सोपा तो आंबे बहार.

डिसेंबरात पाणी बंद करा. रेताड जमिनीत दोन-तीन आठवडे पुरतात, भारी जमिनीत महिना-दीड महिना लागतो. पाने मलूल होतील, पिवळी पडतील, काही गळतील. घाबरू नका. साधारण चौथा हिस्सा पाने गळली की ताण पुरे. झाड अगदी वाळू लागेपर्यंत थांबू नका.

मग आळ्यातली माती वरवर हलवा, जाड मुळे तोडू नका. दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत आणि किलो-दोन किलो निंबोळी पेंड मिसळा. पहिले पाणी हलके द्या, पुढचे थोडे वाढवा, मग नेमाने देत राहा. जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतील आणि पाच-सहा महिन्यांनी लिंबे तयार होतील. फुले आल्यावर पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही असे झाले तर फळे गळतात. थोडी बारीक फळे गळणारच, झाड पेलेल तेवढीच ठेवते.

कीड आणि खैऱ्या

कोवळ्या पानावर नागमोडी पांढरी रेघ दिसली तर ती नागअळी. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते, ती हाताने वेचा. कोवळ्या पालवीवर निंबोळी अर्क फवारा. पान, फांदी आणि फळावर खरबरीत तपकिरी डाग म्हणजे खैऱ्या. पावसात तो झपाट्याने पसरतो. रोगट फांद्या पावसाआधी कापून जाळा. गरज पडली तर कृषी सहाय्यकांना विचारून कॉपर ऑक्सिक्लोराईड 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम या प्रमाणात फवारा. तोंडाला फडके बांधा, मुलांना लांब ठेवा. फळे किती दिवसांनी तोडायची ते विचारून घ्या आणि धुऊनच वापरा. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. तहानलेले मूल बाटली पाहते, आतले औषध त्याला कळत नाही.

झाडाला वांझ म्हणू नका

पाळीतल्या बाईचा हात लागला म्हणून झाड फळत नाही, असे अजूनही कानावर येते. पाळीच्या हाताने झाडाला काही होत नाही. पाणी घाला, फुटवे काढा, लिंबू तोडा, महिन्याच्या कुठल्याही दिवशी. आणि ज्या झाडाला फळ नाही त्याला वांझ म्हणायचे, तोच शब्द घरातल्या सुनेला लावायचा, हेही थांबले पाहिजे. मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते. तपासणी दोघांची व्हावी लागते.

लिंबू आले, आता ताटात

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. डाळी, पालेभाजी, नाचणी यांतले लोह शरीर सहजी घेत नाही. त्याच घासाबरोबर लिंबाची आंबट फोड असली तर जास्त घेते. आवळा आणि पेरूत क जीवनसत्त्व लिंबापेक्षा खूप जास्त असते. पण लिंबू रोजच्या ताटावर पिळता येते, हा त्याचा मोठेपणा. भांडे चुलीवरून उतरवल्यावर पिळा, कारण उकळल्याने क जीवनसत्त्व जाते. जेवणानंतर तासभर चहा टाळा, चहा लोह अडवतो.

भर उन्हात बसून लिंबे पिळली किंवा लोणच्यासाठी चिरली तर हात लगेच धुवा. रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की भाजल्यासारखे डाग पडतात.

लिंबू गोळीच्या जागी नाही, गोळीच्या सोबतीला आहे. रक्त कमी असेल तर आशाताईंकडून मिळणारी लोहाची गोळी चालूच ठेवा. आणि आजच मोरीचे पाणी कुठे जाते ते बघून या.