पगाराची तारीख

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या आमच्या पिढीला त्यामुळे गावाजवळ नोकरी मिळाली, लोक ‘सर’ म्हणू लागले. इमारत अर्धवट होती, पगार बेताचा होता. पण लेथ मशिन आम्हीच बसवलं, पहिल्या तुकडीचे प्रयोग आम्हीच आखले. काय शिकवायचं, कसं शिकवायचं, हे आम्हाला विचारलं जाई. त्या वर्षांइतकं समाधान मला पुढे मिळालं नाही.

वेतन आयोग येत गेले. सातव्या आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये झालं, पण आमच्याकडे ते कागदावरच राहिलं. २०१० नंतर प्रवेशाच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. मग परीक्षा संपल्या की आम्ही बारावीच्या मुलांच्या दारोदार प्रवेश मागत फिरू लागलो. ज्याला वर्गात शिकवायचं त्याच्याच वडिलांसमोर आर्जवं करायची, हे मनाला फार लागत असे. शिष्यवृत्तीचे पैसे शासनाकडून अडले की पगार थांबे. स्टाफरूममध्ये कुणी नुसतं “आला का?” विचारलं तरी सगळ्यांना कळे. घराचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच कापला जाई. कमी पगारात माणूस घर बसवतो. पगाराचा दिवसच ठरलेला नसेल तर घरी काय सांगणार? चांगली तरुण मुलं याच काळात सोडून गेली.

२०१८ मध्ये एका शिक्षकामागे पंधराऐवजी वीस विद्यार्थी हे प्रमाण मान्य झालं. उरलेल्यांवर तासिकांचा भार आला, काहींची नोकरी गेली.

दाद मागायची वाटही अरुंद होती. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये शिक्षक कायद्याने ‘कामगार’ ठरत नाहीत, असा निकाल दिला. २००४ मध्ये ग्रॅच्युइटीही नाकारली गेली. २००९ मध्ये संसदेने शिक्षकांसाठी ग्रॅच्युइटीचा कायदा दुरुस्त केला, तो बदल ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली.

खासगी महाविद्यालयात सलग पाच वर्षं शिकवून तुम्ही निवृत्त झाला असाल किंवा राजीनामा दिला असेल आणि ग्रॅच्युइटी मिळाली नसेल, तर संस्थेकडे लेखी अर्ज करा. ती तुमच्या हक्काची आहे.