डोंगर आला, पण घर कुठे गेले?

मोबाइल आता आपल्या वस्त्यांतून जवळजवळ प्रत्येक घरात पोहोचला आहे. त्याच्या नादाने मुलांचे वाचन बुडते, ही आईबापांची तक्रार खरीच आहे आणि विहारातल्या सभांतून आम्हीही ती अनेकदा बोलून दाखवली आहे. पण हातात आलेली वस्तू फेकून देता येत नसेल, तर ती विद्येच्या कामी लावावी, हे बरे. या विचाराने आमच्या अभ्यास मंडळाने वर्षावासात वस्तीतल्या मुलामुलींसाठी निसर्ग-छायाचित्रणाचा रविवारचा वर्ग सुरू केला. डोंगर, शेत, आकाश, लेणी यांचे फोटो कसे काढायचे आणि काढल्यावर ते मोबाइलवर किंवा संगणकावर नीट कसे करायचे, एवढाच त्याचा विषय. शिकवणारे आम्हीच आणि शिकणारेही आम्हीच. त्यातले उपयोगाचे तेवढे आमच्या वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

आमची वस्ती मुंबईच्या उपनगरात डोंगराच्या उतारावर आहे. बारावीतल्या एका मुलाने भल्या पहाटे उठून पाण्याच्या टाकीजवळून डोंगराचा फोटो काढला. कोवळे ऊन, थोडे धुके आणि मागे हिरवागार डोंगर. सगळ्यांनी वाहवा केली. विहाराच्या दिनदर्शिकेवर हाच छापायचा, असे ठरतही आले होते. तेवढ्यात त्याची आजी आली. पदराने चष्मा पुसून तिने फोटो निरखून पाहिला आणि म्हणाली, "डोंगर लई चांगला आलाय रं बाळा. पण आपलं घर कुठं गेलं?"

तेव्हा आमचे डोळे उघडले. पायथ्याच्या पत्र्याच्या घरांच्या जागी नुसती झुडपे होती. मोबाइलमधल्या खोडण्याच्या सोयीने मुलाने घरे, विजेच्या तारा आणि छपरांवरची निळी ताडपत्री, सारे पुसून टाकले होते. विचारल्यावर मान खाली घालून म्हणाला, "काका, घरं चांगली दिसत नव्हती. फोटो खराब होत होता."

आम्ही त्याला रागावलो नाही. निसर्गाचे सुंदर फोटो म्हणून तो लहानपणापासून जे पाहत आला, त्यात आपली घरे नसतातच. गावाच्या चित्रात नदी असते, झाडे असतात, कौलारू वाडे असतात. वेशीबाहेरची वस्ती चौकटीबाहेरच राहते. गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवले, ते आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसले. आता आपलाच मुलगा आपल्याच बोटाने आपल्याला फोटोबाहेर काढू लागला, तर थांबून विचार करायला हवा. त्या दिवसापासून वर्गापुढे एकच प्रश्न राहिला: फोटो नीट करणे म्हणजे काय आणि खोटा करणे म्हणजे काय?

अंधाऱ्या खोलीतले काम

काढलेल्या फोटोवर नंतर काम करणे, ही काही मोबाइलने आणलेली गोष्ट नव्हे. रोलच्या जमान्यात हे काम डार्करूममध्ये, लाल दिव्याच्या उजेडात होत असे. या विद्येतले मोठे नाव म्हणजे अमेरिकेचे ॲन्सेल ॲडम्स (१९०२-१९८४). कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात १० एप्रिल १९२७ रोजी ते 'हाफ डोम' नावाच्या उंच कड्यासमोर जड कॅमेरा आणि काचेच्या मोजक्या प्लेटा घेऊन उभे राहिले. त्याच्या तीनच आठवडे आधी, २० मार्चला, इकडे बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. त्यामुळे ते साल आपल्या वाचकांना मुद्दाम पाठ करायला नको.

ॲडम्सजवळ दोनच प्लेटा उरल्या होत्या. एक फोटो त्यांनी भिंगापुढे पिवळी काच लावून घेतला. मग त्यांना वाटले, हा कडा पाहून मनावर जे दडपण येते ते यात उतरणार नाही. म्हणून दुसरा फोटो गडद लाल काच लावून घेतला. लाल काच निळा प्रकाश अडवते. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या फोटोत निळे आकाश काळोखे आले आणि कडा अंगावर आल्यासारखा पुढे आला. पण कडा होता तिथेच राहिला. त्यांनी काही पुसले नाही, काही आणून चिकटवले नाही.

ॲडम्स हे आधी पियानो वाजवणारे. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वरलिपी आणि कागदावर छापलेला फोटो म्हणजे प्रत्यक्ष वादन, असे ते मानत. छापताना कागदाच्या एका भागावर पुठ्ठा आड धरून तो उजळ ठेवायचा, याला 'डॉजिंग' म्हणत. दुसऱ्या भागावर जास्त वेळ प्रकाश टाकून तो गडद करायचा, हे 'बर्निंग'. आजच्या ॲपमधली बटणे म्हणजे हाच पुठ्ठा आणि हाच प्रकाश.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. त्यांपैकी मांझानारची छावणी सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी होती. १९४३ साली ॲडम्स तिथे गेले. त्यांनी बर्फाच्या डोंगराबरोबर त्याखालच्या बराकी टिपल्या, तिथली माणसे टिपली आणि १९४४ साली 'बॉर्न फ्री अँड इक्वल' नावाने त्याचे पुस्तक काढले. डोंगर देखणा म्हणून पायथ्याच्या बराकी त्यांनी चौकटीबाहेर ठेवल्या नाहीत, हे आमच्या मुलांना आम्ही मुद्दाम सांगितले.

याच्या उलट उदाहरणही आहे. 'नॅशनल जिऑग्राफिक' या जगप्रसिद्ध मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडांचा फोटो होता. मूळ फोटो आडवा, मुखपृष्ठ उभे. तो बसावा म्हणून संगणकाच्या साहाय्याने दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवण्यात आले. हजारो वर्षे जागचे न हललेले पिरॅमिड फोटोत हलले! मोठी टीका झाली आणि ती चूक होती हे पुढे मासिकानेही मानले. 'फोटोशॉप' बाजारात आले १९९० साली. त्याच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट.

भाज्याला दोन फेऱ्या

हे झाले ऐकीव ज्ञान. प्रत्यक्ष शिकण्यासाठी आम्ही लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांवर गेलो. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनावर उतरावे आणि चालत जावे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरायला घेतलेली ही बावीस लेणी. चैत्यगृहाच्या छताला त्या काळच्या लाकडी कमानी अजून आहेत आणि एका बाजूला चौदा स्तूपांचा समूह आहे.

पहिल्या वेळी भर दुपारी बाराला पोहोचलो आणि फोटोंचा सडा पाडला. घरी येऊन पाहतो तो आकाश पांढरेफटक, लेणे काळेकुट्ट, आणि निम्म्या फोटोंत डोंगर कलंडलेला. सूर्य डोक्यावर असला की सावल्या आखूड आणि कडक पडतात, दगडाचा पोत दिसत नाही. शिवाय या चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेला आहे. सकाळी ते सावलीतच असते. दुसऱ्यांदा दुपार कलल्यावर गेलो. तिरपे ऊन कमानीवर आले आणि छिन्नीच्या खुणासुद्धा वेगवेगळ्या दिसू लागल्या. लेणे तेच, मोबाइल तोच. म्हणून जागेचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे आधी पाहावे आणि मग निघण्याची वेळ ठरवावी. हा पहिला धडा.

फोटो काढतानाच्या बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. भिंग मऊ सुती कापडाने पुसावे; खिशातल्या मोबाइलवर तेलकट बोटे उमटलेली असतात, त्यामुळे फोटो धुरकट येतो. सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेषा सुरू कराव्यात, म्हणजे क्षितिज कलंडत नाही. बोटांनी ताणून दूरचे जवळ आणण्यापेक्षा पायांनी जवळ जावे. नुसता लांबचा डोंगर सपाट दिसतो. पुढे एखादा दगड, पायवाट किंवा झाड घेतले की खोली येते. उजेड कमी असेल तर मोबाइल दगडाला टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे हात हलत नाही. लेण्यांत ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी विचारून घ्यावी. रंगचित्रे असतील तिथे फ्लॅश कदापि मारू नये.

सगळ्यांत महत्त्वाचे उजेडाचे. पडद्यावर आकाशाच्या जागी बोट दाबून उजेड थोडा कमी करावा. काळोख्या भागातला तपशील नंतर बराचसा वर काढता येतो. पण आकाश एकदा निखळ पांढरे झाले की त्यात काहीच उरत नाही. कोऱ्या पावतीवरून हिशेब कसा मांडणार?

जमाखर्च जुळवावा तसा

आता संपादनाचे. 'स्नॅपसीड' हे ॲप २०११ साली आले, पुढच्याच वर्षी गुगलने ते घेतले आणि ते फुकट मिळते. संगणक असेल तर 'गिम्प' आणि 'डार्कटेबल' हे दोन्ही विनामूल्य आहेत. चोरीचे सॉफ्टवेअर घेण्याचे काही कारण नाही.

कामाला क्रम असावा. आधी मूळ फोटो बाजूला जपून ठेवावा आणि नकलेवर काम करावे. कीर्द जशी खोडायची नसते, तसेच हे. मग क्षितिज सरळ करावे आणि कडेचे अनावश्यक कापावे. त्यानंतर रंगाचा तोल, म्हणजे 'व्हाइट बॅलन्स' पाहावा. पांढरा सदरा फोटोत निळसर किंवा पिवळट दिसत असेल तर तो इथे सुधारतो. मग 'हायलाइट्स' कमी करून ढगांचा आकार परत आणावा आणि 'शॅडोज' थोडे वाढवून काळोखातला दगड दाखवावा. 'सिलेक्टिव्ह' या सोयीने एवढ्याच एका भागावर बोट ठेवून तो उजळ किंवा गडद करता येतो. हा ॲडम्स यांचा पुठ्ठा. रंगाचा भडकपणा आणि धार शेवटी, आणि चिमटीभरच.

'हिस्टोग्राम' नावाचा छोटा आलेख दिसतो, त्याला घाबरू नये. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे, मध्ये बाकीच्या छटा. आलेख उजव्या भिंतीला चिकटून ताठ उभा राहिला, तर तिथला तपशील गेला असे समजावे. काही मोबाइलमध्ये 'रॉ' प्रकारची फाइल मिळते. नेहमीच्या 'जेपेग' फाइलमध्ये लाल, हिरव्या, निळ्या या प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात. बारा बिटांच्या 'रॉ' फाइलमध्ये ४०९६. त्यामुळे दुरुस्तीला वाव जास्त राहतो. पण फाइल मोठी होते, म्हणून महत्त्वाच्या फोटोपुरतीच ती वापरावी.

मर्यादा कुठे? चर्चेअंती वर्गाने असे ठरवले: जागेवर उभे असताना डोळ्यांना जे दिसत होते ते परत आणायला हरकत नाही. तिथे नव्हते ते आणू नये; होते ते पुसू नये. दुसऱ्या दिवसाचे आकाश चिकटवू नये, माणसे आणि घरे खोडू नयेत. तथागतांनी आपल्या धम्माविषयी 'या आणि पाहा' असेच म्हटले. तिथे डोळ्यांवर पडदा टाकणे नाही. आमचा फोटो पाहून उद्या कोणी त्या जागी गेला, तर त्याला फसवल्यासारखे वाटू नये.

यात केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. दर पावसाळ्यात आमच्या उतारावरची माती सुटते. दरडीच्या भीतीने आयाबाया रात्री जाग्या राहतात. संरक्षक भिंतीसाठी आम्ही अर्जामागून अर्ज करतो आणि प्रत्येक अर्जाला डोंगराचा आणि घरांचा फोटो जोडतो. घरे पुसलेल्या फोटोत भिंत मागायची कोणासाठी? अशा कामाच्या फोटोवर तर कसलीच कलाकुसर करू नये. मूळ फाइलमध्ये तारीख आणि वेळ नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की ही नोंद निघून जाते. म्हणून तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा आणि मूळ प्रत जपून ठेवावी.

मातापित्यांना दोन शब्द

यासाठी हप्त्याने महागडा कॅमेरा घेऊ नका. घरात आहे तो मोबाइल पहिली दोन वर्षे पुरतो. आठवड्यातून एक सकाळ मुलाला द्या आणि मुलीलाही द्या. आमच्या वर्गात क्षितिज सर्वांत सरळ येते ते एका नववीतल्या मुलीचे. मात्र डोंगरावर, पाण्याकाठी मुलांना एकटे पाठवू नका. दोघे-चौघे आणि एक मोठे माणूस असावे. कड्याच्या टोकावर उभे राहून फोटो काढण्याचे धाडस कोणी करू नये.

आता त्या फोटोचे काय झाले ते सांगतो. मूळ प्रत मुलाच्या मोबाइलमध्ये शाबूत होती. वर्गात बसून त्याने ती पुन्हा हाती घेतली. क्षितिज सरळ केले, आकाश जरा उतरवले, पायथ्याचा काळोख थोडा वर काढला. तेव्हा आम्हालाही दिसले की डोंगराआडून येणारे पहिले ऊन आधी पत्र्यांवरच पडले होते. दिनदर्शिकेवर तोच फोटो छापला. विजेच्या तारा आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत, विहारावरचा पंचशील ध्वज आहे. आजीने बोट फिरवत फिरवत निळ्या ताडपत्रीपाशी आणले आणि तिथेच ठेवले. तिच्या खोलीत तो फोटो आता बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलेला आहे.

जयभीम!