रक्तदाबाचा वारसा

पेढी, नाव आणि पत यांचा वारसा घरात सर्वांना ठाऊक असतो. रक्तदाबाच्या वारशाची मात्र कोणी नोंद ठेवीत नाही. वडिलांना पन्नाशीत पक्षाघात झाला, काकांना कायमची गोळी सुरू झाली, की ‘हे आमच्या घरातच आहे’ असे म्हणून पुढची पिढी हताश तरी होते, नाहीतर तपासणीच टाळते. विज्ञानाचा कौल या दोहोंच्या विरुद्ध आहे.

केवळ एका जनुकाच्या दोषाने रक्तदाब वाढणे ही विरळा गोष्ट. १९६३ मध्ये अमेरिकेतील डॉ. ग्रँट लिडल यांनी अशा एका कुटुंबाची नोंद केली. त्यातील भावंडांना कोवळ्या वयातच उच्च रक्तदाब होता. त्यांची मूत्रपिंडे मिठातील सोडियम बाहेर टाकण्याऐवजी प्रमाणाबाहेर शोषून घेत होती. यामागील जनुकीय दोष १९९४ मध्ये उलगडला. त्या कुटुंबातील मूळ रुग्ण मुलीचे पुढे मूत्रपिंड निकामी झाले. दात्याचे मूत्रपिंड बसविल्यावर तिचा रक्तदाबही उतरला. दोष मूत्रपिंडातच होता, याचा हा पुरावा ठरला.

बहुसंख्य रुग्णांत मात्र असा एकच अपराधी सापडत नाही. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोपर्यंत रक्तदाबाशी निगडित अशी सुमारे ९०० स्थाने ज्ञात झाली होती. त्यांपैकी बहुतेकांचा स्वतंत्र परिणाम पाऱ्याच्या एका मिलिमीटरहूनही कमी. पण थेंबे थेंबे तळे साचते. हे थेंब कोणाच्या वाट्याला अधिक येतात, कोणाच्या कमी. म्हणूनच सख्ख्या भावांचा रक्तदाबही सारखा नसतो.

मग उपाय काय? त्याच वर्षी ब्रिटनमधील सुमारे २ लाख ७७ हजार लोकांच्या पाहणीत एक दिलासादायक गोष्ट आढळली. आहार, वजन, व्यायाम, मीठ, मद्य आणि धूम्रपान यांबाबत पथ्य सांभाळणाऱ्यांचा वरचा रक्तदाब बेफिकीर राहणाऱ्यांपेक्षा ४ ते ५ मिलिमीटरने कमी होता; आणि जनुकीय धोका अधिक असणाऱ्यांनाही हा लाभ जवळपास तितकाच मिळाला होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत असावे. पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठही त्यातच मोजायचे. दुकानाच्या गादीवर दिवस बसून जाणाऱ्याने रोज चालायला हवे. डॉक्टरांनी दिलेली गोळी बरे वाटते म्हणून परस्पर बंद करू नये. हा विकार बहुधा लक्षणांविनाच वाढतो. तिशीच्या आतच रक्तदाब वाढला असेल, तर घराण्याचा इतिहास डॉक्टरांना अवश्य सांगावा.

दिवाळीला नवी वही उघडणाऱ्या घरात एक पान यासाठीही राखावे: कोणाला, कितव्या वर्षी रक्तदाब जडला आणि आज प्रत्येकाचा आकडा किती. वारशाने आलेली बाकी पुसता येत नाही. पण वेळीच पाहिली, तर तिच्यावर व्याज चढू देणे आपल्या हाती असते, तसे न देणेही.