वायतुऱ्याच्या गावात पवनचक्की

सप्टेंबर उजाडला की पुण्यातल्या प्रत्येक ऑफिसात तोच मेसेज फिरतो: 'या शनिवारी कास. कोण कोण येतंय?' जरूर जा. 2012 पासून कास जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची तिथे नोंद आहे. पण फोटो काढून झाले की लगेच पुण्याची वाट धरू नका. साताऱ्यात येऊन सज्जनगड-ठोसेघर रस्त्याला लागा. धबधब्याच्या पुढे चाळकेवाडीचं पठार लागतं. फुलं कासच्याच घराण्यातली, गर्दी मात्र नाही. आणि डोक्यावर पवनचक्क्यांची रांगच रांग!

मी मूळची जालन्याची. आमच्याकडे माळ म्हणजे कुसळं, बाभळी आणि शेळ्या. 'तिथे आहेच काय?' असं विचारायची पद्धत. मे महिन्यात चाळकेवाडीही तशीच दिसते, नुसता काळपट जांभा. पाऊस लागला की त्या खडकातल्या उथळ खळग्यांत पाणी साचतं आणि त्यात वायतुरा फुलतो. तुऱ्याला दोन फाटे फुटतात, इंग्रजी 'वाय'सारखे, म्हणून वायतुरा. (नाव ठेवणाऱ्याला सलाम.) शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. सह्याद्रीच्या या भागातली मोजकी पठारं सोडली तर जगात तो दुसरीकडे कुठेच नाही. पाणी आटलं की वर काहीच उरत नाही, मातीत फक्त कंद असतो. शेजारी सीतेची आसवं असतात. दिसायला नाजूक, पण किडे खाणारी! इथल्या मातीत पोषण इतकं कमी की पोट भरायला शिकार करावी लागते.

ही माती जेमतेम काही बोटं जाडीची. पवनचक्की तिथे एकटी येत नाही. क्रेनसाठी रुंद रस्ता, पायासाठी काँक्रीट, केबलसाठी चर, वीज खाली न्यायला खांब आणि तारा, असं सगळं वऱ्हाड सोबत असतं. तारा वरून जातात, त्यांचं फुलांना काही नाही. घोळ जमिनीवर होतो. पाणी वाहायची दिशा रस्त्यामुळे बदलली की पलीकडचा खळगा कोरडा, आणि खडक फोडल्यावर तो खळगा पुन्हा तयार करता येत नाही. नर्सरीतून रोपं आणून लावली, असं इथे चालत नाही.

पात्यांचाही परिणाम होतो, पण वेगळा. भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये याच पठारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, त्यामुळे सरडे जास्त आणि निर्धास्त! माणूस जवळ आला तरी लवकर पळत नाहीत. हा सरडाही खास आहे. 2016 मध्ये त्याला 'सरडा सुपर्बा' असं नाव मिळालं; आपला मराठी 'सरडा' थेट शास्त्रीय नावात.

मग पवनचक्क्या नकोतच का? मला तसं वाटत नाही. माझा लॅपटॉपही विजेवरच चालतो आणि कोळशापेक्षा वारा बरा. प्रश्न जागा कोण आणि कशी ठरवतं, हा आहे. पर्यावरणीय परिणाम तपासण्याच्या 2006 च्या अधिसूचनेच्या यादीत ना पवनऊर्जा आहे, ना वीजवाहिन्या. वनजमीन लागली तर वेगळी परवानगी घ्यावी लागते. पण पठार वनखात्याचं नसेल आणि कागदावर 'पडीक' किंवा 'खडकाळ' असेल, तर वायतुरा मोजायला कुणी यायची सक्ती नाही.

आणि समजा कुणी स्वतःहून आलंच, तर कधी येतं यावर सगळं अवलंबून आहे. सर्व्हेची टीम एप्रिलमध्ये गाडीतून उतरली, तर तिला दिसेल तो खडक. ऑगस्टमध्ये, घोटाभर पाण्यात उभं राहून पाहिलं, तरच रस्ता चार हात बाजूने कुठून न्यायचा, हे कळेल.